नत्र कुठून येतं? नी-ऑलेसुंडमधले अकरा दिवस

३ जुलै

निघायच्या आदल्या रात्री बाबांचा फोन आला. राजापूरला लावणी जोरात होती, मागे पावसाचा आवाज येत होता. म्हणाले, "काय गो, तिकडे भात नाही, नाचणी नाही. मग नत्र मोजतेस ते कोणासाठी?" मी म्हटलं, शेवाळासाठी. त्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं, नीट जा."

आज दुपारी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयीरब्येनहून छोट्या विमानाने नी-ऑलेसुंडला निघालो. जेमतेम चौदा-पंधरा माणसं मावतील एवढं विमान, सामान किलोकिलोने तोलून घेतलेलं. पंचवीसेक मिनिटांचा प्रवास, पण खिडकीला लावलेलं नाक कोणीच काढलं नाही. खाली नुसते डोंगर आणि त्यांच्या मधून समुद्राकडे उतरणाऱ्या हिमनद्या. मग कोंग्सफ्योर्डचं, म्हणजे नी-ऑलेसुंडच्या काठच्या खाडीचं, पाणी दिसलं. हिमनदीच्या तोंडाशी ते गढूळ, तांबूस होतं आणि पुढे निळं होत गेलं.

नी-ऑलेसुंड ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. इथून उत्तर ध्रुव साधारण १,२०० किलोमीटर. गाव वसलं ते कोळशाच्या खाणीसाठी. ५ नोव्हेंबर १९६२ला खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, त्यानंतर खाण कायमची बंद झाली आणि त्या प्रकरणावरून १९६३मध्ये नॉर्वेचं सरकार पडलं. आज गावात राहतात ते संशोधक आणि त्यांची सोय बघणारी माणसं. आपलं, म्हणजे भारताचं, 'हिमाद्री' संशोधन केंद्र इथे १ जुलै २००८ला सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून चालतो. एका सड्यावर वाढलेली मी दुसऱ्या सड्यावरून इथे आले, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

फोन विमानातच फ्लाइट मोडवर गेले आणि आता निघेपर्यंत तसेच राहतील. अंतराळातून येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत टिपणारी वेधशाळा गावात आहे, त्यामुळे वीस किलोमीटरच्या परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ बंद. घरी बोलायचं तर लॅपटॉपला केबल जोडायची.

रात्रीचे अकरा वाजलेत आणि खिडकीतून ऊन येतंय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून इथे सूर्य मावळलेला नाही, ऑगस्टच्या २४ तारखेपर्यंत मावळणारही नाही.

४ जुलै

सकाळभर बंदुकीचं प्रशिक्षण. गावाची हद्द ओलांडायची तर गटात एकाकडे तरी रायफल आणि सिग्नल पिस्तूल हवंच, कारण अस्वल. गावातली दारं कुलपाविना असतात तीही त्याच कारणाने, कोणालाही कुठल्याही घरात धाव घेता यावी म्हणून. मी चारपैकी तीन गोळ्या नीट मारल्या. दुपारी बोटीने आधीच येऊन पडलेल्या पेट्या उघडल्या. आम्ल घालून धुतलेल्या बाटल्या, फिल्टर, सिरिंजा, सगळं शाबूत.

५ जुलै

पहिलं काम बर्फाचं. जुलै लागला की सपाटीवरचा बर्फ बहुतेक संपतो, पण ओढ्यांच्या खोबणीत आणि उत्तरेकडच्या उतारांवर पट्टे शिल्लक असतात. आम्ही बायेल्वा नदीकडे उतरणाऱ्या उतारावर गेलो. आम्ही म्हणजे मी, बंदूक सांभाळणारी माझी कोलकात्याची सहकारी आणि केरळचा एक विद्यार्थी.

इथल्या गोड्या पाण्यात नत्र येण्याच्या मोजक्याच वाटा आहेत, त्यातली पहिली आकाशातून येते. हिवाळ्यात आणि वसंतात युरोप-रशियाकडची हवा उत्तरेला सरकते. तिच्यात गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून निघालेले नायट्रोजन ऑक्साइड असतात. वाटेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं आणि ते बर्फाच्या कणांना चिकटून खाली उतरतं. आठ-नऊ महिने बर्फ साठत जातो, त्याच्याबरोबर नायट्रेटही साठतं. मग जूनमध्ये बर्फ वितळायला लागतो. पण बर्फाचे कण सारखे विरघळत-गोठत राहिल्याने क्षार कणांच्या पृष्ठभागावर ढकलले गेलेले असतात. म्हणून पहिलं जे पाणी सुटतं ते निम्म्याहून जास्त क्षार आपल्याबरोबर घेऊन जातं आणि मागाहून येणारं पाणी जवळजवळ कोरं असतं. आमच्याकडे पहिल्या पावसाच्या पागोळ्यांचं पाणी कोणी भरत नाही, वाहू देतात. इथली तळी मात्र नेमकं ते पहिलं पाणी पितात. वर्षभराच्या उपासानंतर मिळालेलं तेवढंच एक भरलेलं ताट.

आम्हाला मिळाला तो उरलासुरला, धुऊन निघालेला बर्फ. तोही हवा होता, तुलनेसाठी. प्लास्टिकच्या फावड्याने वरचा थर बाजूला सारला आणि हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवून आतला बर्फ पिशवीत भरला. तळहाताच्या घामातही अमोनियम असतं. आपण मोजतो ते इतकं थोडं असतं, की उघड्या हाताचा एक ठसा आठवडाभराचं काम वाया घालवतो.

किती थोडं, ते सांगायला हवं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं आणि युरियाच्या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी ती रेघ ओलांडून पुढे गेल्यात. इथे आम्ही मायक्रोमोलमध्ये बोलतो. एक मायक्रोमोल म्हणजे लिटरमध्ये ६२ मायक्रोग्रॅम नायट्रेट. आपली मर्यादा त्याच्या सातशे पटींहून जास्त आहे. जे पाणी आपण नुकतंच पिण्यालायक ठरवतो, ते इथल्या जिवांना गोणीभर युरिया ओतल्यासारखं वाटेल.

६ जुलै

धुकं. बाहेर जायची परवानगी नाही, म्हणून दिवसभर प्रयोगशाळा.

नायट्रेट मोजायची रीत मला फार आवडते. आधी नायट्रेटचं नायट्राइट करून घ्यायचं, मग दोन रसायनं घालायची आणि थांबायचं. नायट्राइट असेल तर पाणी गुलाबी होतं, आणि जितकं जास्त तितका रंग गडद. अमोनियमची परीक्षा वेगळी, तिथे निळा रंग येतो. यंत्र नेमका आकडा देतंच, पण त्याआधी नळ्या ओळीने पांढऱ्या कागदासमोर धरून नुसत्या डोळ्यांनी बघायला मला हवं असतं. आज बर्फाच्या नळ्यांमध्ये गुलाबी इतका फिका आला, की शेजारी शुद्ध पाण्याची नळी धरल्याशिवाय तो दिसतच नव्हता.

संध्याकाळी घोळ झाला. अमोनियमच्या कोऱ्या नळ्या, ज्यात नुसतं शुद्ध पाणी आहे, त्याच निळ्या पडल्या. एक नाही, सगळ्या. म्हणजे दिवसभराच्या सगळ्या नोंदी फुकट. पाणी बदललं, रसायनं नव्याने बनवली, तरी निळं. दोन तास गेले. शेवटी केरळच्या मुलाच्या लक्षात आलं, की सकाळी कोणीतरी टेबलासमोरची खिडकी काचा पुसायच्या फवाऱ्याने पुसली होती. त्या फवाऱ्यात अमोनिया असतो. खोलीच्या हवेतून तो आमच्या उघड्या नळ्यांत उतरला होता. खोली उघडी टाकली, नळ्यांना झाकणं लावली आणि रात्री दोन वाजता पुन्हा सुरुवात केली. कोऱ्या नळ्या कोऱ्या राहिल्या तेव्हा कुठे मी जेवले.

७ जुलै

आजचा दिवस हंसांचा.

गावाच्या कडेला, पाणथळ गवताच्या मधोमध एक तळं आहे. आम्ही त्याला हंसतळं म्हणतो. काठावर बार्नॅकल हंसांची कुटुंबं चरत होती. तोंड पांढरं, मान काळी, पाठीवर राखाडी पट्टे. पिल्लं चार-पाच दिवसांची असावीत, कापसाच्या बोळ्यांसारखी आईबापांच्या मधून तुरुतुरु चालणारी. आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारे पट्टकादंब यांचे लांबचे नातलग. या दिवसांत मोठ्या पक्ष्यांची पिसं गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. कोल्हा आला तर पळायला एकच जागा, पाणी. म्हणून ते तळ्यापासून लांब जात नाहीत. दिवसभर चरतात आणि दर काही मिनिटांनी शिटतात.

काठावर बोटभर लांबीच्या, हिरव्या-तपकिरी लेंड्यांचा सडा पडलेला होता. एक उचलून चिमट्याने फोडली. आत गवताचे धागे जवळजवळ अख्खे होते. हंसाचं पोट गवत नीट पचवत नाही, त्यामुळे खाल्लेल्यातलं बरंच तसंच बाहेर येतं. वरचा पांढुरका लेप युरिक आम्लाचा, त्यातच नत्र. पाण्यात पडलं की जीवाणू ते फोडतात आणि अमोनियम सुटतं. अमोनियम म्हणजे शेवाळाला तयार जेवण, लगेच आत घेता येतं. जे उरतं त्याचं दुसरे जीवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाणी चार अंशांवर आहे म्हणून हे काम हळू चालतं, पण थांबत नाही. तळाच्या काळ्या चिखलात, जिथे प्राणवायू संपलेला असतो, तिथे आणखी तिसरेच जीवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत परत पाठवतात. त्यातला काही वाटा नायट्रस ऑक्साइड म्हणून निसटतो. तापमान वाढवण्यात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जोरकस आहे.

हे हंस हिवाळा काढतात स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या सोल्वे खाडीत, तिथल्या कुरणांवर. वसंतात नॉर्वेच्या किनाऱ्यावर थांबून अंगावर चरबी चढवतात आणि मग इथे येतात. १९४०च्या दशकात स्वालबार्डच्या या हंसांची संख्या जेमतेम तीनशेवर आली होती. शिकारबंदी झाली, राखीव जागा झाल्या, शिवाय कुरणांतलं खतावर वाढलेलं गवत मिळालं, आणि ते तीस हजारांच्या पुढे गेले. २०२१-२२च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने त्यांतले हजारो मेले. तरी इथल्या पाणथळीत आज माणसांपेक्षा त्यांचंच राज्य आहे.

हंस बाहेरून नत्र आणतात, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. मे महिन्यात येताना अंगावर जे घेऊन येतात तेवढंच बाहेरचं. त्यानंतर ते इथलंच गवत खातात आणि इथल्याच तळ्यात टाकतात. म्हणजे नवीन भर थोडी आणि हलवाहलव फार. पण तळ्याला त्याने काय फरक पडतो? माळभर विखुरलेलं एका खड्ड्यात गोळा झालं की त्या खड्ड्याचं जगणंच पालटतं.

ते पालटलेलं डोळ्यांनी दिसत होतं. काठच्या दगडांवर गर्द हिरवं, केसांसारखं लांब शेवाळ, बोटात धरलं तर तारेसारखं ओढलं जाणारं. पाणी हिरवट. नमुना सिरिंजमधून फिल्टरला ढकलताना निम्म्यातच अडकला, इतके जीव त्यात होते. गाळून घ्यायचं ते तिथल्या तिथेच, काठावर बसून. बाटली तशीच नेली तर वाटेत तिच्यातले जीव आतलं नत्र खाऊन टाकतात आणि आपण मोजतो ते त्यांचं उष्टं.

परतताना आर्क्टिक टर्नच्या वस्तीतून जावं लागलं. डोक्यावर काठी उभी धरून चालायचं, कारण पक्षी सगळ्यात उंच वस्तूवर चोच मारतो. माझ्या काठीवर आठ-दहा टोले बसले.

८ जुलै

आज दुसरं तळं. पूर्वेला, हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर, दगडगोट्यांच्या माळात. गवत नाही म्हणून हंस नाहीत. आम्ही त्याला उपाशी तळं म्हणतो. पाणी इतकं नितळ, की तळाचा खडा न् खडा मोजावा. नमुना फिल्टरमधून सरकन गेला आणि फिल्टर पांढराच राहिला. नुसतं बघून कोणीही म्हणेल, इथे काही नाही.

मग गुडघ्यावर बसले. पाण्याच्या कडेला, ओलसर खडीवर ऑलिव्ह रंगाचे सुरकुतलेले पापुद्रे पसरले होते. काही सुपारीएवढे, काही तळहाताएवढे. दाबले तर जेलीसारखे. पाण्यापासून हातभर लांब असलेले सुकून काळे पडले होते, जळक्या कागदासारखे. त्यांच्यावर थेंबभर पाणी सोडलं आणि बघत राहिले. पाच-सात मिनिटांत कडा उलगडल्या, काळ्यातून हिरवी झाक वर आली.

नॉस्टॉक. मी हे लहानपणापासून ओळखते. पावसाळा लागला की आमच्या सड्यावर कातळावर हेच उगवतं आणि शाळेत जाताना त्याच्यावरून पाय घसरतो. भाताच्या शेतात सोडतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या कुळातलं. त्याची थोरवी अशी, की ते हवेतलं नत्र स्वतः बांधून घेतं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पाण्यातही विरघळलेलं आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून असतात, की बहुतेक जिवांना ते उपयोगाचंच नसतं. ताटात वाढलेलं, पण खाता न येणारं. नॉस्टॉककडे ते बंध तोडणारं नायट्रोजिनेज नावाचं विकर आहे. एक रेणू तोडायला ऊर्जेची सोळा नाणी, म्हणजे एटीपीचे सोळा रेणू खर्ची पडतात. त्यात हे विकर थंडीत मंदावतं आणि प्राणवायू लागला की मरतं. एवढा महागडा कारखाना जगाच्या या टोकाला, वर्षातले दोन-अडीच महिने, शून्याच्या आसपास कोणीतरी चालवतं आहे, ही गोष्ट मला दरवेळी तितकीच मोठी वाटते.

ज्याला तयार अमोनियम मिळतं तो हा कारखाना बंद ठेवतो, खर्च परवडत नाही म्हणून. हंसतळ्याच्या काठावर काल मी नॉस्टॉक शोधला होता. लांबच्या, उंच कडेला दोन-तीन तुकडे होते, बस. बाकी सगळं हिरव्या केसांनी व्यापलेलं. माझ्या कामाचा गाभा हाच आहे: फुकटचं नत्र आलं, की स्वतःचं नत्र कमावणाऱ्यांचं काय होतं?

कारखाना चालू आहे की बंद, हे कळायला एक युक्ती आहे. नायट्रोजिनेजला नत्राऐवजी ॲसिटिलीन दिलं तर ते त्याचं एथिलीन करतं. म्हणून पापुद्र्याचे तुकडे काचेच्या कुप्यांत घातले, रबरी बूच लावलं, सुईने थोडं ॲसिटिलीन सोडलं आणि कुप्या त्याच तळ्याच्या पाण्यात, त्याच उजेडात ठेवल्या. काही काळ्या फॉइलमध्ये गुंडाळून. चोवीस तासांनी आतला वायू काढून घ्यायचा. बोटीने तो गोव्याला जाईल आणि तिथे एथिलीन मोजू.

दोन्ही तळ्यांत बाटल्यांचे चार-चार गटही बुडवले. एकात नत्र घातलं, दुसऱ्यात स्फुरद, तिसऱ्यात दोन्ही, चौथा तसाच. बाबा नवीन बियाणं आणलं की चार वाफे करतात, तसंच.

९ जुलै

कुप्या काढल्या. संध्याकाळी केबल जोडून घरी फोन. नॉस्टॉकचा फोटो पाठवला होता. आईने बाबांना फोन धरून दाखवला. बाबा म्हणाले, "हे आपल्या सड्यावरचं ते बुळबुळीत गो. ते तिकडे कसं गेलं?" मग स्वतःच म्हणाले, "की तिकडून इकडे आलं?" या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला वेळ लागेल, असं त्यांना सांगितलं.

१० जुलै

मिद्रे लोव्हेनब्रेन ही हिमनदी. गावापासून पाचेक किलोमीटर, पण मोरेनचे, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले, दगडी ढीग आणि दोन थंडगार ओढे पार करायचे, त्यामुळे पायथ्याशी पोचायला सव्वादोन तास. ही हिमनदी दरवर्षी किती घटते हे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून मोजलं जातंय. इतकी सलग नोंद आर्क्टिकमधल्या थोड्याच हिमनद्यांची आहे. आम्ही चाललो तो मोरेन म्हणजे तिच्या मागे हटण्याचीच खूण. शंभर वर्षांपूर्वी तिथे चालताना बर्फ पायाखाली असता.

तळपायांना काटेरी क्रॅम्पॉन बांधून वर चढलो. खालचा भाग आता उघडा झालाय, राखाडी, खरखरीत बर्फ. आणि त्यात छिद्रं. आधी एखाददुसरं दिसतं, मग नजर बसली की सगळीकडे. बांगडीएवढी, वाटीएवढी, काही नुसती पेन्सिलीएवढी, पण सगळी काटकोनात खाली गेलेली आणि काठोकाठ पाण्याने भरलेली. तळाशी काळी माती.

या मातीला क्रायोकोनाइट म्हणतात. ग्रीक शब्दांतून आलेलं, बर्फावरची धूळ अशा अर्थाचं हे नाव ध्रुवीय संशोधक नॉर्डेनशोल्डने १८७०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर ही छिद्रं पाहून दिलं. वाऱ्याने आलेली काळी धूळ ऊन शोषते, तापते, खालचा बर्फ वितळवते आणि खाली खाली बुडत जाते. एका खोलीवर गेलं की ऊन कमी पोचतं आणि बुडणं मंदावतं. मग त्या तळाशी, शून्य पूर्णांक काहीतरी अंशांच्या पाण्यात एक गाव वसतं.

मी पोटावर झोपले आणि चेहरा पाण्याला लागेल इतका खाली नेला. तळाची माती सुटी नव्हती. मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गोळ्या होत्या, एकमेकींना टेकून बसलेल्या. प्रत्येक गोळी म्हणजे धुळीचे कण आणि त्यांना गुंडाळलेले निळ्या-हिरव्या शेवाळाचे धागे. धागे चिकट असतात, वाहत आलेला कण धरून ठेवतात, आणि गोळी वाढते. गोळीच्या बाहेर ऊन आणि प्राणवायू, गाभ्यात अंधार, म्हणून एकाच गोळीत वेगवेगळं काम करणारे जीवाणू नांदतात. त्यांना खाणारे रोटिफर आणि टार्डिग्रेड हे सूक्ष्म प्राणी त्यांच्यातच फिरतात. दोन गोळ्यांच्या मधून एक बुडबुडा सुटला आणि वर येऊन बर्फाच्या कडेला चिकटला. हिमनदीवर कोणीतरी श्वास सोडला होता.

इथे हंस नाही, गवत नाही, माती नाही. बर्फातून येणारं थोडं नायट्रेट आणि अमोनियम एवढंच. तरी हे गाव चालतं, कारण यांतले काही धागे नत्र बांधतात आणि बाकीचे एकमेकांचं मेलेलं पुन्हा पुन्हा वापरतात. अमोनियम तर पाण्यात राहूच देत नाहीत. हिमनदीवर बर्फातून जेवढं अमोनियम उतरतं त्यातलं बरंच वाटेतच जिवांच्या पोटात जातं. नायट्रेटचं उलट. खालच्या ओढ्यातून बाहेर पडणारं नायट्रेट वरच्या बर्फाने आणलेल्यापेक्षा जास्त भरतं, असं याच हिमनदीवरच्या पूर्वीच्या कामातून दिसलं आहे. ते बनतं खाली, हिमनदीने भरडलेल्या दगडमातीत, जिथे जीवाणू अमोनियमचं नायट्रेट करत बसलेले असतात. वरवर बघता ही नुसती बर्फाची मोठी ढेप आहे, पण तिच्यात नत्राची देवघेव चालते आणि तेच नत्र नंतर खालच्या माळाला, तळ्यांना, शेवटी फ्योर्डला पोचतं.

बारा छिद्रांतून पाणी आणि गोळ्या घेतल्या. मोठ्या पिपेटने गोळ्या ओढताना हाताला कंप सुटला होता, थंडीने. छिद्र रिकामं झालं की तळाचा निळा बर्फ उघडा पडायचा. प्रत्येकातल्या निम्म्याच घ्यायच्या, हे आधीच ठरवलं होतं.

उतरताना हिमनदीच्या अंगावरून पाण्याच्या धारा खळाळत होत्या. दोन ठिकाणी पाणी छिद्रांवरून वाहत होतं आणि काळ्या गोळ्या धुऊन खाली चालल्या होत्या.

११ जुलै

सकाळी रेडिओवर अस्वलाची बातमी, किनाऱ्याने पूर्वेकडे. दिवसभर गावातच.

१२ जुलै

सूक्ष्मदर्शक. उपाशी तळ्यातला नॉस्टॉक काचेवर दाबला. आत माळाच माळा, एकमेकींत गुंतलेल्या, निळसर हिरव्या गोल मण्यांच्या. आणि ठरावीक अंतरावर एक मणी वेगळा: थोडा मोठा, फिकट पिवळसर, जाड कडेचा, दोन्ही बाजूंना बारीक ठिपका असलेला. हाच तो कारखाना, हेटेरोसिस्ट. प्राणवायू आत येऊ नये म्हणून ही पेशी भिंत जाड करून घेते आणि प्राणवायू तयार होतो ते कामच सोडून देते. त्यामुळे तिला स्वतःचं अन्न बनवता येत नाही. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात, ती त्यांना नत्र देते. अशी एकदा बदललेली पेशी पुन्हा विभागत नाही, तिच्यापासून पुढे वंश नाही. मी मोजायला बसले आणि मोजणं विसरून नुसती बघत राहिले.

मग हंसतळ्याच्या कडेचे ते दोन-तीन तुकडे घेतले. माळा तशाच, पण फिकट मणी फार तुरळक. काही माळांत एकही नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढणार नाही. एथिलीनचे आकडे यायचे आहेत.

बुडवलेल्या बाटल्यांचे फिल्टर मात्र समोर आहेत. उपाशी तळ्यात नुसतं नत्र घातलेला फिल्टर किंचित पिवळट, नुसतं स्फुरद घातलेलाही तसाच. दोन्ही घातलेला स्पष्ट हिरवा. म्हणजे त्या पाण्याला दोन्हींची भूक आहे, एकाने भागत नाही. हंसांच्या विष्ठेत दोन्ही असतात.

१३ जुलै

उद्या निघायचं. सकाळी बांधाबांध, दुपारी उपाशी तळ्यावर शेवटची फेरी, पाण्यात ठेवलेला तापमापक काढायला. दोघीच होतो.

तळ्याच्या अलीकडे शंभर पावलांवर सहकारीने मला हाताने थांबवलं. अस्वल असेल म्हणून पोटात गोळा आला. तिने दुर्बीण माझ्याकडे दिली.

काठावर दोन मोठे हंस आणि तीन पिल्लं. गवत नसलेल्या खडीवर ते काय चरत होते कळेना. बहुतेक दगडांच्या फटीतलं मॉस असावं. आम्हाला बघून पाण्यात उतरले, पलीकडे गेले आणि माळावरून हळूहळू चालत दिसेनासे झाले.

खाली गेलो. खडीवर सात ताज्या लेंड्या होत्या, एक तर नॉस्टॉकच्या पापुद्र्यावरच. मी तापमापक काढला. मग तिथेच बसून पुन्हा पाणी भरलं, तीनदा बाटली विसळून, गाळून, नियमाप्रमाणे. जादा फिल्टर आणले नव्हते, खिशात एकच होता, तो वापरला. पापुद्र्याचे तीन तुकडे वेगळ्या कुपीत घेतले. सहकारी रायफल घेऊन उभी राहिली आणि लेंड्या कुठे कुठे पडल्यात ते वहीत काढू लागली.

बाटलीच्या पट्टीवर तळ्याचा क्रमांक, वेळ आणि तापमान लिहिलं. खाली जागा होती तिथे लिहिलं: हंस आले, १३ जुलै.